किमान नव्वद

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. माझ्यासारखा माणूस दिवसभर काय करतो याची नोंद कुठेतरी राहायला हवी. रिसर्च पेपरात निष्कर्ष येतात, माणूस येत नाही.

संकल्प: एक, रोज चाळीस मिनिटं चालणे. दोन, ऑफिसात कुणावर न चिडणे. तीन, बाबांच्या ऑक्सिजनच्या नोंदी दिवसातून चार वेळा, वेळच्या वेळी. तिसरा संकल्प ताईने फोनवरून माझ्याकडून वदवून घेतला आहे, तेव्हा तो तिच्या खात्यावर.

बाबा परवापासून आमच्याकडे आहेत. सिमेंटच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्याची पावती आता फुफ्फुसं देतायत. डॉक्टरांनी साधा हिशोब सांगितला. बोटाला चिमटा लावायचा, आकडा बघायचा. नव्वद किंवा वर असेल तर घरीच ठीक. अठ्ठ्याऐंशीच्या खाली लागोपाठ दोनदा गेला तर विचार करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. ताईची नोकरी दूरच्या गावी, त्यामुळे आकडे ऑनलाइन शीटमध्ये भरायचे. तीही बघणार, डॉक्टरही बघणार. मी म्हटलं, ताई, काळजी करू नकोस, मी डेटाचाच माणूस आहे. ती म्हणाली, त्याचीच तर काळजी आहे. तिचे विनोद लहानपणापासून असेच.

आज चालणं झालं नाही. बुटाची लेस तुटली.

३ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसात नवी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी नुकतीच झालेली संशोधक, रुजू झाली. वही उघडून बसते आणि ऐकते. असे लोक हल्ली मिळत नाहीत. तिला माझी स्कीम समजावली. इथेही लिहून ठेवतो, कारण माझ्याइतकं सोपं करून कुणी सांगत नाही.

ढगातला थेंब आपोआप होत नाही. वाफेला बसायला एक कण लागतो. धूळ, धूर, समुद्राचं मीठ, काहीही चालतं. हवेत कण पुष्कळ असले की थेंब पुष्कळ आणि बारीक होतात, ढग पांढराशुभ्र दिसतो आणि ऊन परत वर फेकतो. कण कमी असले की थेंब थोडे आणि जाडे, ढग मळकट, ऊन सरळ खाली. पृथ्वी किती तापणार हे सांगणाऱ्या मॉडेलला प्रत्येक ढगात किती थेंब धरायचे हे कुणीतरी सांगावं लागतं. ते माझी स्कीम सांगते. गेली अकरा वर्षं सांगते आहे. जगातले चौदा गट ती वापरतात. उपग्रहाच्या मोजमापाशी तर ती अशी जुळते की एका परिषदेत एक म्हातारे प्राध्यापक उठून म्हणाले होते, इतकं जुळतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे. मोठ्या माणसांची दाद देण्याची पद्धत वेगळी असते.

बाबा: ९२, ९१, ९३, ९१. उत्तम.

हिला म्हटलं, नवी मुलगी फार इम्प्रेस झाली. हिने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, काहीच नाही. मग ठीक आहे, म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा सकाळी ८९. चौथ्या मिनिटाला ताईचा फोन. दुपारी ८७. मी मीटिंगमध्ये, ताईचे तीन फोन. बाहेर येऊन हिला परत मोजायला लावलं तर ९०. म्हणजे मधलं ८७ काय होतं? गार बोट. म्हाताऱ्या माणसाची नखं जाड असतात, त्यातून उजेड नीट जात नाही. ताईला शांतपणे समजावलं की प्रत्येक मापनात नॉइज असतो. ती म्हणाली, मग तुझा नॉइज वर कधी का जात नाही, खालीच का जातो? सायन्स न शिकलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे डोकेफोड.

चालणं नाही. थंडी.

९ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४

पोस्टडॉकने वही बंद केली आणि तोंड उघडलं.

मॉडेलमधले दक्षिणेकडच्या समुद्रावरचे सगळे ढग छापून आणले होते तिने. एका चौकोनात घनसेंटिमीटरला चाळीस थेंब. शेजारच्या चौकोनात चाळीस. त्याच्या शेजारी चाळीस. म्हणाली, सर, इथल्या साठ टक्के ढगांत बरोब्बर चाळीस थेंब आहेत आणि एकोणचाळीस जगात कुठेही नाहीत. मी म्हटलं, याला स्थैर्य म्हणतात.

मग तिने कोडमधली ओळ दाखवली. थेंब चाळीसपेक्षा कमी आले तर चाळीस धर. ओळ माझीच. शेजारी माझीच टीप: तात्पुरतं. सोमवारी काढणे. टीप अकरा वर्षांपूर्वीची. कोणत्या सोमवारी ते मी लिहिलेलं नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

ती ओळ घातली त्याला कारण होतं. फार स्वच्छ हवेत कण जवळपास नसतात, थेंब शून्याकडे जातात आणि मॉडेल मधेच आचके देऊन मरतं. मेलेल्या मॉडेलचा कुणाला काय उपयोग? आधी जगवायचं, मग सुधारायचं. ती म्हणाली, पण सुधारलं कधी? वीस तारखेला रिलीजसाठी मॉडेलचं नवीन व्हर्जन गोठवायचं आहे, त्यानंतर कुणी हात लावायचा नाही. अशा वेळी हे असले प्रश्न.

११ नोव्हेंबर, बुधवार

आज एक सुंदर काम केलं. लिहायलाही मजा येते आहे.

बाबा सकाळी ८६, दहाला ८५. ताईने सरळ शनिवारचं तिकीट काढलं. तिची रजा मोजकी, ती इथे येऊन सगळ्या घराला नाचवणार, आणि माझं रिलीज नऊ दिवसांवर. डॉक्टरांचा नियम मला पाठ आहे, पण नियम खऱ्या आकड्यासाठी असतो. जो माणूस खुर्चीत बसून चहा पितो त्याचा आकडा ८५ असूच शकत नाही. तो यंत्राचा आकडा.

तेव्हा शीटमध्ये दोन रकाने केले. कच्चा आकडा पहिल्या रकान्यात, तो लपवलेला. दुसऱ्या रकान्यात फॉर्म्युला: किमान नव्वद. तोच सगळ्यांना दिसतो. खोटं यात काहीही नाही, जे असूच शकत नाही ते फक्त दिसत नाही. तात्पुरती सोय. रिलीज झालं की काढून टाकायची.

संध्याकाळी ताईचा फोन. आज उरलेल्या दोन्ही वेळा नव्वद बघून जिवात जीव आला म्हणाली. सकाळचे दोन आकडेही आता नव्वद झालेत म्हणाली, ते तू परत मोजलेस का? मी हो म्हटलं. एका अर्थी ते खरंच आहे. तिकीट रद्द केलं तिने.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

मी ऑफिसात असताना दुपारचा आकडा ही भरते. आज फोन करून म्हणाली, मी ८४ टाकलं आणि नव्वद आलं, तुझी शीट बिघडली आहे. समजावलं, त्याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात. फोन ठेवला. पटलं असावं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. दिवसभर बाबांजवळ. त्यांच्या मोतीबिंदूमुळे त्यांना यंत्रावरचे आकडे दिसत नाहीत. बोटावरचा चिमटा काढला की दर वेळी विचारतात, किती रे? मी सांगतो, नव्वद. बरं, म्हणतात आणि डोळे मिटतात. मलाही आता कच्चा आकडा बघायची सवय राहिलेली नाही, टाइप करतो आणि शीट बघतो.

दिवाणखान्यापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं. त्यात दोनदा थांबले, कपाटाला धरून. मी म्हटलं, बाबा, रोज थोडं चालत जा, मीही सुरू करणार आहे. हसले.

एरवी पेपर वाचून दाखव म्हणून मागे लागतात. आज मी होऊन पेपर घेऊन बसलो तर नको म्हणाले. ऐकायलाही दम लागतो म्हणाले. ऐकायला कसला दम लागतो? म्हातारपणी माणूस लक्ष वेधून घ्यायला बघतो असं वाचलं आहे. तरी मी तासभर वाचत बसलो. ते बसल्या बसल्या झोपले. आडवं झोपवत नाही म्हणतात.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पोस्टडॉकने माझ्या परवानगीशिवाय चाळीसची ओळ काढून दीडशे वर्षांचं मॉडेल पळवलं. मरणार असं मला वाटलं होतं, पण मेलं नाही. शून्याने भाग जाऊ नये म्हणून तिने दुसरीकडे काहीतरी केलं होतं. दोन दिवसांचं काम होतं म्हणाली. अकरा वर्षांत मला दोन दिवस मिळाले नाहीत, ही संस्थेची चूक.

आणि निकाल काय? गिरण्या, कारखाने यायच्या आधीच्या जुन्या स्वच्छ काळात थेंब फारच कमी. मग धूर आला, ढग एकदम उजळले, ऊन परत गेलं आणि विसावं शतक तापायलाच तयार नाही. प्रत्यक्षात ते तापलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, बघ, म्हणजे चाळीस बरोबर. ती म्हणाली, नाही सर, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी मोठी चूक आहे आणि चाळीसमुळे ती आपल्याला अकरा वर्षं दिसली नाही. मग म्हणाली, खरे थेंब किती असतात हे विमानातून मोजलंय लोकांनी, तुम्ही ते आकडे कधी उघडून बघितलेत का?

दुसरा संकल्प मोडला. आवाज जरा चढला. पण सुरुवात तिने केली.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

ही म्हणते, बाबांचे ओठ निळसर दिसतात. नखंही. मी नीट पाहिलं. आपल्या दिवाणखान्यात पांढरी एलईडी ट्यूब आहे, तिच्याखाली सगळेच आजारी दिसतात. जाऊन पिवळा बल्ब आणला. पिवळ्या उजेडात बाबा छान दिसतात.

तरी हिची भुणभुण थांबेना म्हणून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी माझ्यासमोरच, म्हणजे फोनवरच, शीट उघडली. आठवडाभर रेष अगदी सरळ आहे म्हणाले. छान सांभाळताय. शुक्रवारी संध्याकाळी सहज दाखवून न्या. हे मी हिला शब्द न शब्द सांगितलं. ही म्हणाली, त्यांना ८२ सांगितलंस का? म्हटलं, त्यांनी विचारलं नाही.

डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर विषय संपला. ही माझ्याशी बोलत नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ८२. यंत्राची बॅटरी उतरली असणार. नवीन घातली. ८१. बॅटरीही खराब निघाली. हल्ली कशाचा भरवसा नाही.

दुपारी बाबा ताईशी फोनवर बोलले. एकेक शब्द सुटा सुटा. नंतर ताईने मला फोन केला. ते मला एकदा येऊन जा म्हणतात, असं कधी म्हणत नाहीत रे ते. शीट तर व्यवस्थित आहे. काय करू, येऊ का? मी विचार करून सांगितलं, उद्या माझं रिलीज आहे, पुढच्या आठवड्यात ये, चांगली आठ दिवस राहा, मग मलाही वेळ देता येईल. ती म्हणाली, तू जवळ आहेस, तू म्हणतोस तर तसं.

उद्या मीटिंगला निळा शर्ट. डॉक्टरांची वेळ शनिवारवर ढकलली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६, हॉस्पिटलच्या बाकावर

क्रमाने लिहितो.

अकराला मीटिंग. पोस्टडॉकने तिचे आलेख दाखवले. डायरेक्टर सरांनी एकच प्रश्न विचारला, चाळीस ठेवलं तर जुळतं का? मी म्हटलं, जुळतं. काढलं तर? म्हटलं, नाही जुळत. मग आत्ता राहू दे, पुढच्या व्हर्जनला बघू, असं ठरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टडॉक वही आवरून आधीच बाहेर गेली होती. अकरा वर्षांच्या कामाचं चीज झालं.

फोन सायलेंटवर होता. हिचे चौदा मिस्ड कॉल. बाबा बाथरूमच्या दारात कोसळले. शेजारी आणि हिने मिळून उचललं, ॲम्ब्युलन्स हिनेच बोलावली. मी पोचलो तेव्हा ते आत होते. नर्सने आल्या आल्या मोजलेला आकडा कागदावर लिहिला होता: ६८. मी तिला विचारलं, बोट गार नव्हतं ना? तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

ताईला हिने कळवलं. ती निघाली आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ताई सकाळी आली. आत एकेकालाच सोडतात. ती पाऊण तास बसली. मी पाच मिनिटं. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. मी हात धरला. गार होता.

बाबांचे नेहमीचेच डॉक्टर बाहेर येऊन आम्हा दोघांना म्हणाले की शीट बघता हे अगदी अचानक झालं, अशा केसमध्ये घरच्यांना काही करता येत नाही, स्वतःला दोष देऊ नका. ताई रडायला लागली. मला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. डॉक्टरांना थांबवून सांगावं असं मनात आलं होतं, पण ते घाईत होते. शिवाय आता उपचाराला त्याचा उपयोग नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

बाबा गेले. सकाळी सव्वानऊला.

२५ नोव्हेंबर, बुधवार

सगळं उरकलं. माणसं येऊन गेली.

ऑफिसातून मेल. व्हर्जन बाहेर पडलं. आणखी दोन गटांनी माझी स्कीम घेतली, आता सोळा. अभिनंदन आणि सांत्वन एकाच मेलमध्ये. पोस्टडॉकने बदली मागितल्याचंही त्यात खाली होतं.

डॉक्टरांचाही मेसेज. विद्यार्थ्यांना शिकवताना बाबांची शीट वापरू का, नाव काढून. पेशंट दहा दिवस नव्वदवर स्थिर असतो आणि काहीही पूर्वसूचना न देता कसा खाली जातो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण त्यांना आजवर मिळालं नव्हतं.

शीट उघडली. लपवलेला रकाना उघडला. अकरा तारखेपासून वीस तारखेपर्यंत एकही आकडा ८६ च्या वर नाही. शेवटचे सहा आकडे ८२, ८१, ८१, ७९, ८०, ७७. सगळे मी आणि हिने आपल्या हाताने टाइप केलेले. खूप वेळ बघत बसलो. मग रकाना परत लपवला.

ही मागे उभी होती. म्हणाली, ताईंना तू सांगणार आहेस की मी सांगू? म्हटलं, मी सांगतो. म्हणाली, त्या जायच्या आत.

डॉक्टरांना अजून उत्तर दिलेलं नाही.

संकल्प: ताईला सांगणे. एकच. बाकीचे सगळे रद्द.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगणार होतो. जेवणानंतर ताईच बोलायला लागली.

त्या दिवशी आत ती बसली होती तेव्हा बाबा थोडे शुद्धीवर आले होते. तिने विचारलं, बाबा, इतका त्रास होत होता तर बोलला का नाहीत? मास्क बाजूला करून ते म्हणाले की पंधरा दिवस छाती भरून यायची, श्वास पुरायचा नाही, रात्रभर बसून काढायचो. पण विचारलं की हा सांगायचा नव्वद आहे. हा एवढा शास्त्रज्ञ, याला जग मानतं. तेव्हा मला वाटलं, आपण ठीकच आहोत, उगाच घाबरतोय. म्हातारपणी मन हळवं होतं. उगाच पोराला कशाला त्रास, म्हणून बोललो नाही.

हे ताईने मला धीर यावा म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत तुझ्यावर विश्वास होता त्यांचा, म्हणाली, हे लक्षात ठेव. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला लहानपणी ताप आला की फिरवायची तसा.

यावर लगेच कसं सांगणार? उद्या.

२८ नोव्हेंबर, शनिवार

ताई बाबांचे कपडे आवरत होती. मदत केली. उद्या गाडीत बसवायला मी एकटाच जाणार आहे. तिथे निवांत बोलता येईल.

२९ नोव्हेंबर, रविवार

गाडी वीस मिनिटं उशिरा होती. आम्ही दोघं बाकावर. आजूबाजूला कुणी नाही.

ताई म्हणाली, तू होतास म्हणून मी तिकडे निर्धास्त होते. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदा, पाण्याची बाटली घेतलीस का विचारलं. दुसऱ्यांदा, पोचलीस की फोन कर म्हटलं. गाडी आली. तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

घरी आलो. हिने दार उघडलं आणि विचारलं, सांगितलंस?

हो म्हटलं.